पिवळ्या यादीतला मेसेज

बसच्या खिडकीतून वारा आला आणि माझ्या मांडीवर साठ शिव्या येऊन पडल्या.

म्हणजे, पडला कागदच. पण त्यावर शिव्या होत्या — मराठी, कोकणी, चारदोन हिंदी — छान वळणदार अक्षरात, आकडे घालून, आणि प्रत्येकीसमोर तिचा अर्थ. म्हापशाहून डिचोलीला जाणारी सकाळची बस, शेजारी अबोलीची टोपली घेऊन बसलेली म्हातारी, आणि मी आपली पहिल्या ओळीपासून वाचत सुटले. चोविसाव्या ओळीपर्यंत पोचले तेव्हा लक्षात आलं की पुढच्या सीटवरचा मुलगा मान वळवून माझ्याकडे बघतोय. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला होता बिचारा.

"ते... माझं आहे," तो म्हणाला. "म्हणजे, कागद."

"चोविसावी इथे कोणी देत नाही," मी कागद त्याच्या हातात ठेवला. "ती घाटावरची."

"मग तिच्या जागी इथे काय देतात?"

"बसमध्ये सांगू?"

तो हसला. आधी डोळे हसले, मग तोंड. मांडीवर भली मोठी बॅग, दाढी वाढलेली. बेंगळुरूच्या बसमधून पहाटे म्हापशाला उतरला असणार हे उघड होतं. डिचोलीला तो उतरून गेला आणि मी उगाच, काही कारण नसताना, पदरचा एक सुस्कारा टाकला.

साडेनऊला आमच्या ऑफिसात गुरुदाससर त्यालाच घेऊन माझ्या टेबलापाशी आले.

आमचं ऑफिस म्हणजे डिचोलीच्या बाजारात एका भुसारी दुकानाच्या माडीवरच्या दोन खोल्या. तिथून आम्ही लग्नं जुळवायची वेबसाइट चालवतो. तिचं नाव सांगत नाही, नाहीतर तुम्ही गोष्ट अर्धवट टाकून प्रोफाइल बघत बसाल. पेडणे, डिचोली, सत्तरी, पलीकडे दोडामार्ग-सावंतवाडी एवढ्यातली मुलंमुली. गुरुदाससर मालक, आणि आलेल्या तक्रारी ऐकणारी मी, शेवंती हळर्णकर, मुक्काम मांद्रे.

तक्रारी वाढल्या होत्या. साइटवर घाणेरडे मेसेज अडवणारा फिल्टर होता, पण त्याला फक्त इंग्रजी येत होतं. इंग्रजीत कोणी वाकडं लिहिलं की तो लगेच अडवायचा; मराठीत नि कोकणीत लिहिलं की दार उघडून आत घ्यायचा. दोन मुलींनी वैतागून प्रोफाइल बंद केलं. म्हणून सरांनी तीन महिन्यांसाठी हा इंजिनियर बोलावला होता.

"हा भैरू गावडे," सर म्हणाले. "आपल्या गाळणीला मराठी शिकवणार."

फिल्टरला सर गाळणी म्हणत. पुढे आम्हीही म्हणू लागलो.

"भैरू नावाचा इंजिनियर मी पहिल्यांदाच बघतेय," मी म्हटलं.

"आणि शिवीचं गाव चुकलं म्हणून सांगणारी मुलगी मीही," तो म्हणाला. सर आमच्याकडे आळीपाळीने बघत राहिले.

भैरू मूळचा चंदगडकडचा. वडील डिचोलीच्या खाणीवर ट्रक चालवायला आले ते इथलेच झाले. तो इथे शिकला, इथे वाढला, तरी स्वतःला 'बाहेरचा' म्हणायची त्याला सवय होती. थट्टेत म्हणायचा, पण म्हणायचा.

पहिल्याच आठवड्यात मी त्याची ती साठ शिव्यांची यादी बाजूला ठेवली.

"इथे त्रास देणारे शिव्या देत नाहीत," मी सांगितलं. "गोड बोलतात. हे वाच."

तक्रार आलेला एक मेसेज त्याला दाखवला. त्यात एकही वाईट शब्द नव्हता. तुझ्यासारखी मुलगी पाहिली नाही, एकटीच भेटायला ये, घरी सांगू नकोस. एवढंच. ज्या मुलीला तो आला होता ती फोनवर माझ्याशी अर्धा तास रडली होती.

भैरूने तो दोनदा वाचला. मग हळूच म्हणाला, "म्हणजे गाळणीला शब्द नाही, माणूस ओळखायला शिकवायचं."

"जमेल?"

"तू शेजारी बसलीस तर जमेल की."

काम म्हणूनच म्हणाला तो. मी खुर्ची सरकवली, तीही काम म्हणूनच.

आम्ही हजारो जुने मेसेज वाचले. बरा असेल तो हिरवा, सरळ पुढे जाईल. वाईट तो लाल, तिथेच थांबेल. आणि गाळणीला शंका येईल तो पिवळा; तो माणसाने वाचून ठरवायचा. मराठी-कोकणीची पिवळी यादी माझ्याकडे आली. त्यात पहिल्याच दिवशी माझ्या मावसबहिणीचा दीर निघाला. चार दिवसांनी देवळात तो समोर आला आणि कुठे बघावं ते मला कळेना. आमच्याकडे वाड्याचं नाव वाचलं की घर कळतं, घर कळलं की सगळं खानदान. म्हणून मीच हट्ट धरला — पिवळ्या यादीत मला नावं, गावं, ठिकाणं काही दिसता कामा नयेत. भैरूने तसं करून दिलं. तेव्हापासून नावगावाच्या जागी मला नुसते काळे चौकोन दिसायचे.

गाळणी शिकली की नाही ते बघायला खोटे मेसेज लिहावे लागत. तो लोफर व्हायचा आणि मी त्याचा त्रास सोसणारी मुलगी. चहाच्या वेळी हा खेळ चालायचा.

*तुमचा फोटो पाहून माझी झोप उडाली,* त्याने एकदा लिहिलं. गाळणीने हिरवा दिवा दाखवला.

"हे वाचून कुणाची झोप उडत नाही, उलट येते," मी म्हटलं.

"मग लोफराने काय लिहावं?"

"जरा नीट बघून लिहावं. सगळ्या मुलींना चालेल असं नव्हे."

त्याने कीबोर्ड ओढला. बराच वेळ काही लिहिलं नाही. मग एक ओळ उमटली — *तुम्ही हसू दाबता तेव्हा आधी डावा गाल हलतो.*

हिरवा दिवा लागला. मी स्क्रीनकडे बघत राहिले.

"ही... टेस्टच आहे ना?"

"टेस्टच की," तो म्हणाला आणि त्याने ती ओळ पुसून टाकली.

त्या संध्याकाळी म्हापशाच्या बसमध्ये मी खिडकीच्या काचेत बघून हसू दाबायचा प्रयत्न करत होते. डावा गाल खरंच आधी हलतो. पंचवीस वर्षं तो गाल माझ्यापाशी होता आणि मला माहीत नव्हतं. कंडक्टरने दोनदा तिकीट मागितलं, ते मला ऐकूच आलं नाही.

मी प्रेमात पडले होते. आडून आडून सांगण्यात अर्थ नाही. सकाळी मांद्र्याहून निघताना मला ऑफिसची घाई व्हायची, आणि रविवार मला आवडेनासा झाला होता. त्याने एकदा खरं काहीतरी विचारावं, एवढीच माझी इच्छा होती. आपणहून बोलायचं म्हणजे... मुलगी कशी बोलणार, असं तेव्हा वाटायचं. आता त्याचं हसू येतं.

मे महिन्यात आईने घोटाळा केला. आमच्या मांद्र्याच्या घरात पाहुण्यांसाठी तीन खोल्या आहेत, तिथला सगळा कारभार आईचा, आणि माझ्या लग्नाचा कारभारही तिने आपल्याच हातात घेतलेला. तिने परस्पर गुरुदाससरांना फोन करून माझं प्रोफाइल आमच्याच साइटवर टाकलं. अबोली रंगाच्या साडीतला फोटो, उंची, शिक्षण, 'स्वयंपाकात निपुण' हे धादांत खोटं. सर ते भैरूच्या देखत वाचत बसले.

"निपुण?" भैरूने विचारलं.

"गप बस."

तो गप बसला. खरंच बसला. त्या दिवसानंतर त्याने एकही खोटा मेसेज लिहिला नाही.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात त्याचे तीन महिने संपत आले. शनिवारी काम सुपूर्द करून तो सोमवारी बेंगळुरूला जाणार होता. बुधवारी निघताना त्याने विचारलं, "रविवारी काय करतेस?"

"काही नाही," मी म्हटलं. "का?"

"नाही... सहज."

गुरुवारी सकाळभर वीज नव्हती. दुपारी आली तेव्हा पिवळ्या यादीत त्रेचाळीस मेसेज साचले होते. मला लवकर निघायचं होतं, कारण म्हापशाला जाऊन त्याच्यासाठी खाजें आणायचं होतं. आल्याचा पाक दिलेलं ते जत्रेतलं खाजें त्याला फार आवडायचं. मी भराभर वाचत गेले. हा जाऊ दे, हा थांबव, हा जाऊ दे. तीन वाजता यादी संपली आणि मी छत्री घेऊन पळाले.

शुक्रवारी खाजें त्याच्या टेबलावर ठेवलं. त्याने माझ्याकडे न बघता "थँक्यू" म्हटलं. शनिवारी चार्जर गुंडाळला, सरांना नमस्कार केला. जिन्यात मी मुद्दाम थांबले होते. तो दोन पायऱ्या वर उभा राहिला, काहीतरी बोलणारसा वाटला —

"पिवळी यादी नीट सांभाळ," एवढंच म्हणाला आणि गेला.

त्या रविवारी मी दिवसभर फोन हातात घेऊन बसले होते. आईला वाटलं, माझं पोट दुखतंय.

मग दोन महिने गेले. शेजारची खुर्ची सरांनी हलवली नाही आणि मीही त्यांना हलवा म्हटलं नाही. कामाचे त्याचे मेसेज यायचे, दोन ओळींचे, शेवटी 'धन्यवाद'. मी 'कसा आहेस' लिहायचे आणि खोडायचे. चहा आला की हात आपोआप दुसरा कप पुढे सरकवायचा. पाऊस कौलांवरून पागोळ्यांनी गळत राहायचा, आणि मला वाटायचं, माणूस एवढा सहज कसा जातो? मला राग यायचा. राग ओसरला की त्याच्या आवाजाची आठवण यायची, आणि ती रागापेक्षा वाईट होती.

श्रावण संपता संपता शिरोड्याहून एक स्थळ आलं. मुलगा चांगला, घर चांगलं, नकार द्यायला काही सापडेना. चवथीआधी, म्हणजे गणपतीआधी, उत्तर कळवायचं ठरलं. एका संध्याकाळी आई आपल्या फोनवर माझं प्रोफाइल उघडून बसली, त्यांना निरोप लिहायला.

"शेवंती, हें कितें गो? 'अडवलेले मेसेज, एक' म्हणटा हांगा. बारा जूनची तारीख."

मी भाजी चिरत होते. "आमच्या गाळणीन अडवलो आसतलो, आये. कोण तरी लोफर."

बोलले आणि विळीवरचा हात थांबला. बारा जून. गुरुवार. त्या दिवशी मराठी-कोकणीचं जे काही अडलं ते माझ्या हातून अडलं होतं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात पोचल्या पोचल्या मी त्या दुपारचे माझे निकाल काढले. सात मेसेज मी थांबवले होते. सहा बघताक्षणी कळण्यासारखे होते. सातवा, यादीत अठ्ठाविसावा, असा होता:

*मी ■■■. ■■■ ला असतो. आजवर गमतीत खूप लिहिलं, हे तसं नाही. रविवारी चार वाजता ■■■ च्या धक्क्यावर येशील? घरी आत्ताच सांगू नकोस. घरात एकदा विषय निघाला की तुझं उत्तर तुझं राहणार नाही, म्हणून आधी तुझ्या मनातलं मला कळू दे. आलीस तर सगळं बोलेन. नाही आलीस तर पुन्हा विचारणार नाही.*

पहिल्या चौकोनात मी 'भैरू' ठेवून वाचलं. मग पुन्हा वाचलं. मग खाली दुकानात कोणीतरी तांदळाचा भाव विचारत होतं तो मला स्पष्ट ऐकू आला, आणि मी रडायला लागले.

त्याने विचारलं होतं. मी वाचलं होतं. 'घरी सांगू नकोस' एवढं दिसलं आणि बटण दाबलं. असं लिहिणाऱ्याला सोडायचं नाही हे गाळणीला मीच शिकवलेलं. तिने इमानाने पिवळा दिवा लावला होता. आणि मग त्याला आमचं ठरलेलं उत्तर गेलं असणार, माझ्याच हाताने लिहिलेलं — 'तुमचा मेसेज पुढे पाठवता आला नाही. कृपया या व्यक्तीला पुन्हा लिहू नये.' पिवळ्या यादीवर मी एकटीच बसते हे त्याच्याइतकं चांगलं कोणाला माहीत होतं?

फोन हातात घेतला, ठेवला. हे फोनवर सांगायचं नव्हतं. चवथीला सगळा गोवा घरी येतो, तोही येणार होता. सहा दिवस होते. शिरोड्याला उत्तर जायलाही तेवढेच.

घरी येऊन मी आईला सगळं सांगितलं. एक अक्षर लपवलं नाही.

"तुका आयिल्लो मेसेज तुवेंच अडवलो?" आईने विचारलं.

"व्हय."

"पिशी मगो तूं." ती नारळ खवत राहिली. "पूण बरें केलें. घरा सांगू नाका म्हणपी मनीस कसलो?"

"बरो आसा, आये."

"खंयचो?"

"चंदगडचो. आतां डिचोलेंत. बापूय खाणीर ट्रक चलयतालो."

खवणीचा आवाज तेवढा येत होता. शिरोड्याचं घर तिला मनापासून आवडलं होतं, हे मला माहीत होतं. अखेर तिने विचारलं, "नुस्तें खातात मगो ते?"

"खातात," मी म्हटलं. आईने मासळीचं विचारलं म्हणजे अर्धं काम झालं होतं.

"माटोळीचो बाजार डिचोलेंत बरो भरता," आई म्हणाली. "औंदां थंयच वचूंया."

आमच्या पेडण्याचा बाजार सोडून आई माटोळीसाठी डिचोलीला कधी गेली नव्हती.

चवथीच्या आदल्या दिवशी डिचोलीच्या बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती. गणपतीच्या डोक्यावर बांधायच्या माटोळीसाठी रानातली फळं, पानं, सुपारीचे घड रस्त्याच्या दोन्ही कडांना मांडलेले. ओल्या मातीचा, हळदीच्या पानांचा वास. आई केळीच्या घडापाशी घासाघीस करायला थांबली आणि मला तो दिसला. पाठमोरा. एका बाईपुढे वाकून पपनसासारखं तोरिंग निवडत होता. बेंगळुरूला जाऊन बारीक झाला होता.

"भैरू."

तो वळला. क्षणभर त्याचे डोळे हसले, मग त्याने ते आवरले.

"चवथीचा बाजार?" त्याने विचारलं, परक्या माणसाला विचारावं तसं.

"तो मेसेज मी अडवला."

"माहीत आहे. दुसरं कोण बसतं त्या यादीवर?"

"नाव झाकलेलं होतं, भैरू."

"मीच झाकलं होतं की." तो हातातल्या फळाकडे बघत म्हणाला. "पण वाटलं... तू ओळखशील. तीन महिने शेजारी बसून माझं लिहिणं वाचत होतीस. नाव नसलं तरी ओळखशील, असं वाटलं."

खोटं बोलता आलं असतं. घाईत होते, वाचलाच नाही, असं काहीतरी.

"नाही ओळखलं," मी म्हटलं. "पूर्ण वाचून अडवला. घरी सांगू नकोस असं लिहिलं होतंस. आजही कोणी तसं लिहिलं तर अडवीन."

"आजही?"

"आजही. तोंड होतं ना तुला? दोन हातांवर बसत होते मी."

फळवाली बाई आमच्याकडे बघत होती.

"भ्यालो," तो म्हणाला. "तुझं प्रोफाइल बघितलं, तुमचं घर बघितलं. आम्ही खाणीवर आलेली माणसं. तोंडावर नाही म्हणाली असतीस तर दोन दिवस त्याच खुर्चीत बसायचं कसं? आणि इतके दिवस तुझ्यासमोर जे बोललो ते सगळं टेस्ट म्हणून. खरं कसं बोलायचं तेच कळेना."

"धक्का कुठला होता?"

"केरीचा. तेरेखोलच्या फेरीबोटीचा."

मांद्र्याहून बसने अर्धा तास. मी चालतसुद्धा गेले असते.

"गेला होतास?" मी विचारलं. "अडवल्याचं कळल्यावरही... त्या रविवारी?"

त्याने हातातलं तोरिंग उलटसुलट करून बघितलं.

"चार ते साडेसहा," तो म्हणाला. "वाटलं, चुकून अडवला असशील. पाऊस होता. प्रत्येक बस बघत होतो."

त्या वेळी मी घरात पोटाशी उशी धरून फोनकडे बघत होते. मध्ये होतं किती, तर आठ-दहा किलोमीटर.

"पुन्हा विचारणार नाही असं लिहिलं होतंस," मी म्हटलं. "नको विचारू. मी विचारते. घरी सगळं सांगून आलेय, आई तिथे केळी घेतेय. माझ्याशी लग्न करशील?"

तोरिंग त्याच्या हातून निसटून टोपलीत पडलं.

"सांग रे बाबा बेगीन," फळवाली म्हणाली. "म्हजीं गिरायकां रावल्यांत."

"होय," भैरू म्हणाला. मला की तिला, ते कळेना. म्हणून माझ्याकडे वळून पुन्हा म्हणाला, "होय, शेवंती."

मग तो सरळ आईकडे गेला, तिच्या हातातला केळीचा घड घेतला आणि खांद्यावर टाकला. आईने त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. भाव कितीने पाडून मिळाला, एवढंच तिने त्याला सांगितलं.

शिरोड्याला नकार गेला. पाच दिवसांनी भैरू परत गेला. दिवाळीला येईल तेव्हा दोन्ही घरची माणसं बसतील, असं ठरलंय. तोवर फोन आहे, आवाज आहे, पण शेजारची खुर्ची अजून रिकामीच आहे.

पिवळी यादी अजून माझ्याकडेच आहे. 'घरी सांगू नकोस' असं लिहिलेला मेसेज मी अजूनही अडवते. फक्त बटणावर बोट ठेवलं की हल्ली जरा थांबते, त्या काळ्या चौकोनांकडे बघते. या रविवारी कुठल्यातरी धक्क्यावर, पावसात, कोणीतरी साडेसहापर्यंत प्रत्येक बस बघत उभा राहील, असं मनात येतं. मग बटण दाबते.